मुरलेलं इंजिन

इंजिन माझ्या तळहाताएवढं होतं. माझी अब्रू त्याहून बरीच मोठी आहे असा माझा समज होता. दोन्ही एकाच दुपारी, एकाच टेबलावर, साठ-सत्तर माणसांच्या देखत जळाली. त्यातलं इंजिन दुरुस्त झालं.

ही गोष्ट सांगायला मला मुळीच आवडत नाही. पण बायकोचं म्हणणं असं की ती दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा तुम्हीच सांगा, कारण दुसरे सांगतात तेव्हा तुम्ही आणखी वाईट दिसता. मी दुसऱ्यांकडून ऐकली आहे. खरंच दिसतो.

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागात आहे. ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे’ हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा लिहितो. त्यापुढे त्या तक्रारीचं काय होतं ते मला माहीत नाही. ते दुसऱ्या मजल्यावर असतं. दिवसभर एकही गोष्ट जागची न हललेली पाहणाऱ्या माणसाला संध्याकाळी निदान काहीतरी पुढे सरकताना बघावंसं वाटतं. म्हणून मी लघुरेल्वे मंडळाचा सभासद झालो. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही तीस-पस्तीस पोक्त माणसं दर रविवारी जमतो, फळ्यांवर रूळ मांडतो आणि खेळण्यातल्या आगगाड्या फिरवतो. ‘खेळण्यातल्या’ हा शब्द अध्यक्षांसमोर काढायचा नाही. अध्यक्षांनी तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली. त्यांच्या मते नियमाशिवाय चाललेली गाडी म्हणजे अपघातच, फक्त अजून झालेला नसतो.

आमच्या जुन्या इंजिनांची एक खोड होती. त्यांचे दिवे लुकलुकायचे. वीज रुळांतून चाकांत येते. रुळावर धुळीचा कण असला की क्षणभर तुटते, आणि दिवा डोळा मारतो. एका रविवारी मंडळातले दातांचे डॉक्टर म्हणाले, “याला काहीतरी इलेक्ट्रॉनिक करता नाही का येणार?” सगळे आपापल्या इंजिनाकडे बघू लागले. मी म्हणालो, “मी करतो की.”

मी असं का म्हणालो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तोपर्यंत माझा विजेशी संबंध दिवा बदलण्यापुरता होता, आणि तेव्हाही स्टूल बायको धरायची.

एक पुस्तक आणलं, धातू वितळवून तारा जोडायची सोल्डरगन आणली, आणि खिडकीशी टेबल मांडलं. बातमी इमारतभर पसरायला एक जिना पुरला. शेजारचे फ्रिजदुरुस्तीवाले येऊन म्हणाले, “वायर जाड वापरा, साहेब. बारीक वायर म्हणजे फसवणूक.” इंजिन केवढं आहे ते मी दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, “मग इंजिन मोठं घ्या.” खालचे विमा एजंट आले, टेबल पाहिलं, पडदा पाहिला, पडद्याचं टेबलापासूनचं अंतर पावलांनी मोजलं आणि काही न बोलता एक फॉर्म ठेवून गेले. वरचे निवृत्त व्यायामशिक्षक म्हणाले की विजेचं काम नेहमी डावा हात खिशात घालून करावं, म्हणजे शॉक छातीतून जात नाही. मी दोन दिवस तसंही करून पाहिलं. एका हातानं सोल्डर करणं म्हणजे एका हातानं टाळी वाजवणं; फरक एवढाच की टाळीनं बोट भाजत नाही.

घरात आणखी एक माणूस होतं, त्यानं मात्र काहीच सल्ला दिला नाही. सासूबाई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या सहा महिन्यांपासून आमच्याकडे राहायला होत्या. आमचं लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली, आणि या एकोणीस वर्षांत सासूबाईंचं नि माझं नातं चार वाक्यांवर सुरळीत चाललं होतं: “जेवलात?” “हो, तुम्ही?” “पंखा लावू?” “नको.” बायको शाळेत शिकवते, मी ऑफिसात, त्यामुळे दुपारभर त्या एकट्या असायच्या. दुपारी त्या काय करतात हे मी कधी विचारलं नव्हतं. आराम करत असतील. म्हातारी माणसं आराम करतात, असं मी धरून चाललो होतो.

माझी योजना अशी होती. कपॅसिटर म्हणून एक वस्तू मिळते, ती म्हणजे विजेची छोटी टाकी. पाणीपुरवठ्यातल्या माणसाला टाकी कळते: नळ गेला तरी टाकीवर घर चालतं. तसं रुळातली वीज क्षणभर गेली, तर दिवा टाकीवर चालावा. कल्पना उत्तम होती, अजूनही मला ती उत्तमच वाटते. फक्त या टाकीत वीज उलट्या बाजूनं शिरली तर टाकी फुटते. आणि इंजिन मागे न्यायचं असलं की रुळातली वीज उलटीच करतात. पुस्तकात हे पुढच्या प्रकरणात होतं. माझा उत्साह पहिल्या प्रकरणातच इतका वाढला की मी पुढे वाचलं नाही.

पहिल्या दिवशी सगळं जोडलं, इंजिन रुळावर ठेवलं. दिवा लागला नाही. इंजिनही हललं नाही. जोड तपासले, पुन्हा सोल्डर केलं, इंजिनाला दोन शब्द सुनावले. शेवटी वैतागून वर रुमाल टाकला आणि सकाळी तोंड पाडून ऑफिसला गेलो. संध्याकाळी येऊन सहज बटण दाबलं, तर दिवा लागला! स्थिर, स्वच्छ, पुढे-मागे कसंही चालवा, पापणी लवत नव्हती. मी ओरडलोच. बायको कणकेच्या हातांनी बाहेर आली. सासूबाई खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होत्या, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, “छान.”

पुढच्या इंजिनाचंही तेच झालं. आदल्या दिवशी मढं, दुसऱ्या संध्याकाळी टुणटुणीत. तिसऱ्याला मागे जाताना लागणारा लाल दिवा बसवला, चौथ्याला शिट्टी. दरवेळी तोच क्रम. यावर एखाद्या साध्या माणसानं ‘हे असं कसं?’ असा प्रश्न विचारला असता. मी सिद्धान्त मांडला. सोल्डर ताजं असताना धातू अस्वस्थ असतो. झाकून ठेवलं की तो शांत होतो, आणि वीज आपली वाट शोधते. थोडक्यात, सर्किट मुरावं लागतं. हा सिद्धान्त मी ऑफिसात सांगितला, फ्रिजवाल्यांना सांगितला, आणि एकदा तर जेवताना खुद्द सासूबाईंना समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाल्या, “पाणी देऊ?”

मंडळात मला ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणू लागले. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी “छे हो” म्हणालो, दुसऱ्यांदा नुसता हसलो, आणि तिसऱ्या वेळी हाकेला ओ दिली. मंडळाच्या पत्रिकेत माझा लेख आला, आकृतीसह. त्यातला सातवा टप्पा असा होता: ‘यानंतर इंजिन स्वच्छ रुमालाने झाकून किमान आठ तास मुरू द्यावे.’ त्या अंकाच्या बारा प्रती मी घरी आणल्या. बारा माणसं आम्हाला ओळखत नाहीत.

लेख येऊन आठवडा झाला असेल. आमच्या ऑफिसच्या इमारतीतच पाणी आलं नाही, म्हणून आम्हाला दुपारी सोडून दिलं. (पाणीपुरवठा खात्यात पाणी नाही, याची तक्रार मीच नोंदवून घेतली.) घरी आलो, किल्लीनं दार हळूच उघडलं, सासूबाईंची झोपमोड नको म्हणून. त्या झोपल्या नव्हत्या. खिडकीशी माझ्या टेबलावर माझ्या खुर्चीत उशी घालून उंच बसल्या होत्या. एका हातात चिमटा होता, दुसऱ्या हातात सोल्डरगन, आणि ती त्यांनी पेनासारखी अलगद धरली होती. समोर माझं कालचं मेलेलं इंजिन उघडं पडलं होतं. त्यांनी माझा एक जोड उकलला, फुंकर घातली, नवा दिला. धुराची एक बारीकशी रेघ. मग दुसरा, तिसरा, चौथा. मला एक जोड द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्यांचे चार झाले, आणि चारही मोहरीएवढे, चकचकीत. हाताला कंप नाही. मधेच त्या अगदी हळू गुणगुणत होत्या. सासूबाई गुणगुणतात हे मला एकोणीस वर्षांत माहीत नव्हतं.

भला माणूस आत गेला असता. “आई, हे तुम्ही?” म्हणाला असता, पाया पडला असता, निदान हसला तरी असता. मी दार तसंच हळूच ओढून घेतलं, जिना उतरलो आणि औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर दोन तास बसलो. विमा एजंट तिथून गेले आणि म्हणाले, “बरं नाही का?” मी म्हणालो, “सर्किटाचा विचार करतोय.” रोजच्या वेळेला घरी गेलो, आणि किल्ली खिशात असताना दोनदा बेल वाजवली.

टेबलावर रुमाल झाकलेला होता. मी तो काढला, बटण दाबलं, दिवा लागला. सासूबाई वर्तमानपत्र वाचत होत्या. आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझे कान आजही गरम होतात. मी म्हणालो, “बघा! मुरलं!”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “छान,” म्हणाल्या.

तिथेच थांबलो असतो तर चूक घरातल्या घरात राहिली असती. पण लेख लोकांच्या हाती गेला होता. पहिला बार दातांच्या डॉक्टरांकडे उडाला. त्यांची गाडी दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत फिरते, वाट पाहणाऱ्या पेशंटांचं मन रमावं म्हणून. माझ्या आकृतीप्रमाणे त्यांनी टाकी बसवली, आठ तास मुरवली, मदतनीस मुलीनं गाडी मागे घेतली, आणि फट्! आत खुर्चीवर तोंड उघडून बसलेल्या बाईंनी ते असं मिटलं की डॉक्टरांचं बोट तीन दिवस सुजलेलं होतं. मग मंडळाच्या खजिनदारांकडे फुटलं, मग दोघा जुळ्या भावांकडे एकाच संध्याकाळी दोन. आणि माणसं किती सज्जन बघा: एकानंही मला दोष दिला नाही. “आमचीच कारागिरी कच्ची,” म्हणाले. “साहेब, तुम्ही एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.” आणि वार्षिक प्रदर्शनात माझं प्रात्यक्षिक ठरलं.

मला कळून चुकलं होतं की माझ्या आकृतीत नसलेलं काहीतरी सासूबाई रोज घालतात. ते काय, हे विचारायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते आमच्या चार वाक्यांतलं नव्हतं. मी एक कागद टेबलावर ठेवून पाहिला: ‘टाकी का बरं फुटत असावी?’ जणू स्वतःलाच विचारतोय असा. संध्याकाळी त्याच्या पाठीवर बायकोनं धोब्याचे कपडे लिहिले होते. शेवटी मी सासूबाईंनी दुरुस्त केलेलं एक इंजिन उघडलं आणि आतली चिकटपट्टी सोडवली. आत चार बारीक काळे डायोड चौकोन करून बसले होते, दुकानदारानं मला दिलेल्या सुट्या भागांच्या पुड्यातलेच. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. अशी चार दारं नीट लावली की वीज कशीही आली तरी टाकीत सुलटीच जाते. मी त्या चारही डायोडांची हुबेहूब आकृती कागदावर काढून घेतली. प्रत्येकावर एका टोकाला केसाएवढी पांढरी रेघ होती, दार कुठल्या बाजूनं उघडतं ते सांगणारी. मला वाटलं, धूळ असेल.

तरीही धोका नको म्हणून मी अध्यक्षांना सुचवलं की प्रात्यक्षिकाचं इंजिन आदल्या दिवशी घरी नेतो, थोडी पूर्वतयारी करतो. म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच.

अध्यक्ष म्हणाले, “प्रदर्शनात मांडलेली वस्तू हॉलबाहेर न्यायची तर तीन सह्यांचं पत्र लागतं. तिसरी सही खजिनदारांची.”

“मग घेऊ या त्यांची.”

“ते मुलीकडे गेलेत. महिन्यानं येतील.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि तुम्हाला पूर्वतयारी कशाला हवी? मी माझं इंजिन देतोय. दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नसतं.”

ते हिरवं इंजिन आम्ही सगळे ओळखत होतो. शाळेत पहिला नंबर आला म्हणून त्यांच्या वडिलांनी दिलेलं. वडील त्याच वर्षी गेले. साठ वर्षं ते काचेच्या पेटीत होतं, आणि वर्षातून एकदा, प्रदर्शनाच्या दिवशी, दोन फेऱ्या मारून परत पेटीत जायचं.

प्रदर्शनाला गर्दी झाली. प्रमुख पाहुण्या म्हणून कॉलेजच्या प्राचार्या आल्या होत्या. त्या पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी माझी बायको, आणि तिच्या शेजारी काठी टेकून सासूबाई. बायकोनं हौसेनं त्यांना आणलं होतं, जावयाचा सत्कार बघायला. मी टेबलामागे उभा राहिलो. मी प्रस्तावना केली. प्रस्तावना मला जमते. ती इतकी लांबली की अध्यक्षांनी घड्याळ टेबलावर ठेवलं.

मग मी इंजिन उघडलं. पहिला जोड देताना सोल्डरगनचं टोक हिरव्या टपाला लागलं. जळक्या प्लास्टिकचा वास पहिल्या रांगेपर्यंत गेला. “हे अपेक्षित आहे,” मी म्हणालो. अध्यक्षांनी खुर्चीचे हात धरले. चार डायोड बसवले, टाकी बसवली, पट्टी गुंडाळली, इंजिन रुळावर ठेवलं आणि बटण फिरवलं. एक क्षण ते गुरगुरलं. मग असा बार उडाला की मागच्या रांगेतलं एक मूल आनंदानं टाळ्या वाजवू लागलं. टाकीचं चंदेरी टोपण उडून प्राचार्यांच्या चहाच्या कपात पडलं. इंजिन थांबलं. धूर निघाला. हॉल असा शांत झाला की खालच्या मजल्यावर कुणीतरी पुस्तकाचं पान उलटलेलं ऐकू आलं.

अध्यक्ष नुसते इंजिनाकडे बघत राहिले. साठ वर्षांपूर्वीचा मुलगा त्यांच्या तोंडावर आलेला मला स्पष्ट दिसला, आणि मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. वरच्या मजल्यावर ती सोय नव्हती.

मी म्हणालो, “आता हे थोडं मुरू दिलं की...”

काठीचा आवाज आला. सासूबाई टेबलापाशी आल्या होत्या. “जरा सरकता का?” त्या मला म्हणाल्या.

मी सरकलो. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला, इंजिन उघडलं. “मोटर शाबूत आहे,” अध्यक्षांकडे बघून म्हणाल्या, कारण त्यांना तेवढंच ऐकायचं होतं. मग माझ्याकडे न बघता, ओठांतल्या ओठांत, “दोन उलटे लागलेत.” दोन डायोड फिरवले, नवी टाकी लावली, काजळी पुसली. त्याला दहा मिनिटं लागली. मागचे लोक खुर्च्यांवर उभे राहिले. हिरवं इंजिन रुळावर आलं, दिवा लागला, आणि ते पुढे गेलं, मागे आलं, बोगद्यातून गेलं, धुळीच्या वळणावरून गेलं. दिवा एकदाही लुकलुकला नाही. टपाचा वितळलेला कोपरा मात्र तसाच राहिला. तो कुणाच्यानं दुरुस्त होण्यासारखा नव्हता.

टाळ्या थांबेनात. प्राचार्या उठून पुढे आल्या. अध्यक्षांचा आवाज चिरकत होता. त्यांनी मला विचारलं, “या कोण?”

एवढ्या लोकांत, एवढ्या टाळ्यांत, खरं बोलायला याहून सोपी वेळ माणसाला मिळत नाही. मी तोंड उघडलं आणि त्यातून हे वाक्य बाहेर पडलं: “आमच्या सासूबाई. घरी माझं बघून बघून शिकल्यात.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग त्या अध्यक्षांना म्हणाल्या, “हो. घरीच असते ना. बघत असते.” सोल्डरगन जागेवर ठेवली, काठी घेतली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. लोकांनी माझं अभिनंदन केलं. एक जण म्हणाला, “गुरू असावा तर असा.” बायको खाली मान घालून बसली होती.

घरी आलो. सासूबाई आत जाऊन पडल्या. बायकोनं गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, “आई बावीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात होती. शेवटची नऊ वर्षं नव्या मुलींना तीच शिकवायची. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“कारखान्यात होत्या एवढं माहीत होतं. मला वाटलं, पॅकिंगला असतील.”

“एकोणीस वर्षांत विचारावंसं नाही वाटलं?”

मी चहाचा कप घेऊन आत गेलो. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, जाग्याच होत्या.

“आई, माझं चुकलं,” मी म्हणालो. “मी त्या दिवशी दुपारी आलो होतो. मी बघितलं होतं.”

“माहीत आहे. दाराची कडी वाजली होती.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

त्या उठून बसल्या. कप घेतला. “पहिल्यांदा केलं ते उगीच. तुम्ही सकाळी तोंड पाडून गेलात, आणि मला दुपार जात नव्हती. संध्याकाळी तुम्ही एवढे खूश झालात की म्हटलं, असू दे. मलाही बरं वाटत होतं. हात विसरले नव्हते.” दोन घोट घेतले. “हे बघा, बावीस वर्षांत मी किती रेडिओ केले देव जाणे. एकावरही माझं नाव नव्हतं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण तुमचं बघून शिकले म्हणालात, ते लागलं. तुमचे जोड बघून कुणी काही शिकेल का हो?”

हे शेवटचं त्या अगदी कळकळीनं विचारत होत्या. मी म्हणालो, “नाही.”

पुढच्या रविवारी मी मंडळाच्या सभेत सगळं सांगायचं ठरवलं. दोन पानं लिहून नेली. सुरुवातीलाच उभा राहिलो, तर अध्यक्ष म्हणाले, “हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आहे का?”

“नाही. पण मला एक कबुली द्यायची आहे.”

“मग ती आयत्या वेळच्या विषयांत. शेवटी. अध्यक्षांच्या परवानगीनं.”

आणि मी बसलो. प्लास्टिकची झाडं हिरवी असावीत की पिवळट यावर पाऊण तास चर्चा झाली. पुलाच्या कठड्यावर अर्धा तास. पश्चात्ताप ही भावना दोन तास एकाच तापमानाला ठेवणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं; मधे एकदा तर मी पिवळट झाडांच्या बाजूनं हातही वर केला. अखेर माझा नंबर आला. कागद हातात होते, पण वाचवेनात. मी तसंच सांगितलं: इंजिनं कुणी दुरुस्त केली, मी कधी पाहिलं, बाकावर किती वेळ बसलो, आणि त्यानंतर काय काय बोललो. मुरण्याच्या सिद्धान्तापाशी जुळे भाऊ एकदमच खाली बघू लागले. त्यांनी आपली इंजिनं सोळा तास मुरवली होती.

अध्यक्षांनी इतिवृत्ताची वही ओढली. “याची नोंद ‘गैरसमज’ म्हणून करू की ‘लबाडी’ म्हणून?”

“लबाडी,” मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं, शाई वाळू दिली, आणि वर न बघता विचारलं, “सूचक?” दातांचे डॉक्टर सूचक झाले. अनुमोदनाला चार हात वर आले. माझी लबाडी एकमतानं मंजूर झाली. मग मी सासूबाईंच्या सभासदत्वाचा अर्ज पुढे केला, शिफारस करणारा म्हणून स्वतः सही करून. अध्यक्षांनी ती सही पाहिली, लाल शाईनं खोडली आणि अर्ज डॉक्टरांकडे सरकवला. “तुमची शिफारस सध्या चालणार नाही,” म्हणाले. सभा संपल्यावर सगळे गेले, तेव्हाही ते बसून होते. हिरव्या इंजिनाच्या वितळलेल्या कोपऱ्यावरून त्यांचा अंगठा फिरत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही.

आता दर रविवारी मंडळात सासूबाईंसाठी वेगळं टेबल असतं. लोक रांग लावतात. खजिनदार परत आले तेच आपलं फुटलेलं इंजिन घेऊन आले. पत्रिकेत नवी आकृती छापली, चार डायोडांसह, पांढऱ्या रेघांसह, सासूबाईंच्या नावानं. मला आता कुणी ‘साहेब’ म्हणत नाही.

मी सासूबाईंना म्हटलं, “मला शिकवाल?” त्यांनी मला नीट न्याहाळलं, कारखान्यात नव्या मुलीला न्याहाळत असतील तसं. मग वायरचं एक भेंडोळं समोर टाकलं. “शंभर टोकं सोला. आतली तार एकही तुटता कामा नये. मग बघू.”

पहिली शंभर नापास. दुसरी शंभरही. “हात भारी पडतोय,” एवढंच म्हणाल्या. तिसऱ्या वेळी मी सुट्टी घेऊन दुपारभर खिडकीशी बसलो. फ्रिजवाले डोकावून गेले आणि प्रथमच काही सल्ला न देता गेले. चारच्या सुमाराला सासूबाईंनी भिंग घेतलं आणि एकेक टोक उजेडात धरून पाहू लागल्या. नापासांचा ढीग वाढत गेला. मधेच त्या थांबल्या, एक टोक पुन्हा पाहिलं आणि वेगळं ठेवलं. असं करता करता सात वेगळी झाली.

“ही चालतील,” त्या म्हणाल्या.

मी ती सात टोकं कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली. बायको शाळेतून यायची वेळ झाली होती, म्हणून दारात जाऊन उभा राहिलो.